परदेशात पोटात जंत शिरले तर: नैसर्गिक उपाय कुठवर पुरतात आणि गोळी कधी लागते

मला जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी झाला तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो ढेकरांचा वास. सडक्या अंड्यासारखा. परदेशात डोंगरात पायी फिरून येऊन नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत जे जे खाल्लं त्या प्रत्येक पदार्थावर मी संशय घेतला, पण ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो झरा काही डोक्यात आला नाही. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे खडे मोजता आले असते. बाटली भरून घेतली, घटाघटा प्यायलो आणि वर सोबतच्यांना म्हटलं, असं पाणी विकत घेऊन मिळायचं नाही.

पुढचे तीन आठवडे लसूण, पपईच्या बिया आणि कुणीतरी दिलेली एक कडूजहर पावडर यांवर काढले. पाच किलो वजन उतरलं. मग एकदाची तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या आणि चार दिवसांत पोट शांत झालं. नैसर्गिक उपायांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यांतले काही मी आजही करतो. पण त्यांचं काम दोन ठिकाणी: कीड आत शिरू न देणं, आणि आजारात खचलेलं शरीर सावरणं. आत ठाण मांडून बसलेल्या पाहुण्याला हाकलणं हे बहुतेक वेळा त्यांच्या आवाक्यातलं नसतं. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांनी एवढा फरक लक्षात ठेवला तरी माझे वाया गेले तसे तीन आठवडे वाया जाणार नाहीत.

आधी दिवस मोजा

पोट बिघडलं की आपण काल रात्रीच्या जेवणाला दोष देतो. जुलाब प्रवासाच्या पहिल्या आठवड्यातच अचानक लागले असतील तर बहुधा ते जिवाणूंचं काम असतं. प्रवासात होणाऱ्या जुलाबांमागे बहुतांश वेळा जिवाणूच असतात, आणि असा त्रास तीन ते पाच दिवसांत आपोआप ओसरतो. इथे जंतांचं औषध, मग ते नैसर्गिक असो की दुकानातलं, काहीही उपयोगाचं नाही. गंमत अशी की अशा वेळी माणूस चौथ्या दिवशी काहीतरी काढा घेतो, पाचव्या दिवशी बरा होतो आणि आयुष्यभर त्या काढ्याची जाहिरात करत फिरतो.

परजीवी सावकाश येतात. जिआर्डिया पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरा साधारण आठवडाभर घेतात. आमांश करणारा अमीबा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. गोल जंतांचा प्रवास तर ऐकण्यासारखा आहे: अंडं पोटात जातं, त्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तातून फुप्फुसात पोचते, तिथून वर घशात चढते, आपण तिला नकळत पुन्हा गिळतो आणि मग ती आतड्यात वाढते. मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने गेलेले असतात. म्हणजे कालच्या कोशिंबिरीतून आज जंत पडणं शक्यच नाही.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, वहीचं. कुठल्या तारखेला कुठे होतो, नळाचं किंवा झऱ्याचं पाणी कधी प्यायलो, कुठल्या तळ्यात पोहलो, कुठे अनवाणी चाललो, जुलाब कधी सुरू झाले, हे चार ओळींत टिपून ठेवा. मी हे विमानाच्या तिकिटामागे लिहिलं होतं आणि डॉक्टरांनी माझ्या लांबलचक कहाणीपेक्षा त्या कागदाकडे जास्त लक्ष दिलं. जुलाब चौदा दिवसांहून जास्त टिकले की परजीवींची शक्यता बरीच वाढते. त्यानंतर अंदाज बांधत बसू नये, तपासणी करावी.

कोण आहे याचा अंदाज

ढोबळ दोन गट. एक, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव: जिआर्डिया, अमीबा, क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा. दुसरा, खरेखुरे कृमी: गोल जंत, अंकुशकृमी, सुती कृमी, पट्टकृमी म्हणजे टेपवर्म.

जिआर्डियात पोट फुगतं, गुडगुडतं, मळ चिकट, तेलकट, दुर्गंधी येणारा असतो आणि तो पाण्यावर तरंगतो. रक्त पडत नाही. अमीबात मुरडा येतो, आव पडते, रक्तही दिसतं. सुती कृमींची खूण म्हणजे रात्री गुदद्वाराशी सुटणारी खाज, कारण मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. अंकुशकृमी गाजावाजा करत नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात आणि काही महिन्यांनी माणूस विनाकारण दमायला लागतो. टेपवर्मचे चपटे, पांढरे, हलणारे तुकडे मळात किंवा कपड्यांवर दिसू शकतात. गोल जंत मात्र ओळखू येतो: गांडुळासारखा, फिकट गुलाबी, ३० सेंटिमीटरपर्यंत लांब.

आणि एक सूचना, हसू येईल पण द्यायलाच हवी. केळं खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मळात बारीक काळे धागे दिसतात. ते जंत नसतात, केळ्यातलेच तंतू असतात. टोमॅटोची गुंडाळलेली साल, कोंब आलेल्या कडधान्याची शेपटं, भाजीच्या शिरा यांनीही कित्येकांना घाबरवलंय.

पाणी: खरा नैसर्गिक उपाय इथेच आहे

उकळणं. याच्याइतका जुना आणि पक्का उपाय दुसरा नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तशीच राहू द्या. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. वीस-वीस मिनिटं उकळून इंधन जाळायची गरज नाही. जिवाणू, विषाणू, सिस्ट (एकपेशीय परजीवींचं कवचातलं सुप्त रूप), अंडी सगळं यात मरतं. पाणी झाकून निववा आणि ज्या भांड्यात ओताल ते स्वच्छ असू द्या. उकळलेलं पाणी नळाखाली विसळलेल्या बाटलीत ओतून सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवणारे मी पाहिलेत.

क्लोरीनच्या गोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे वाचावं: जिआर्डियाच्या सिस्टला टणक कवच असतं आणि थंड पाण्यात ती आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. गोळी टाकून लगेच प्यायलात तर ती मरत नाही, पाणी थंड असेल तर वेळ आणखी वाढतो. क्रिप्टोस्पोरिडियमला तर साधं क्लोरीन किंवा आयोडीन जुमानतच नाही. क्लोरीन घातलेल्या जलतरण तलावातही तो आठवड्याहून जास्त तग धरतो. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्याला मारतात, पण वेष्टनावर दिलेला चार तासांचा वेळ खरोखर चार तास पाळावा लागतो.

गाळणी घेणार असाल तर तिच्यावर ‘ॲबसोल्यूट १ मायक्रॉन’ किंवा त्याहून बारीक असं लिहिलेलं पाहा. जिआर्डियाची सिस्ट साधारण ८ ते १२ मायक्रॉनची, क्रिप्टोची ४ ते ६ मायक्रॉनची, त्यामुळे दोन्ही अडकतात. ‘नॉमिनल’ असं लिहिलेली गाळणी काही छिद्रं मोठी सोडते. विषाणू मात्र गाळणीतून निसटतात, म्हणून शंका असेल तिथे गाळून वर गोळीही टाकावी. अतिनील किरणांचं पेनसारखं यंत्र या दोन्ही परजीवींवर चांगलं चालतं, पण पाणी गढूळ असेल तर किरण आतपर्यंत पोचत नाहीत. आधी कापडातून गाळून घ्यावं लागतं.

बर्फ म्हणजे गोठवलेलं नळाचं पाणी. बाटलीबंद पाणी घेऊन त्यात बर्फ टाकून पिणं ही चूक सगळेच एकदा तरी करतात. दात घासायलाही तेच सुरक्षित पाणी घ्या, अंघोळ करताना तोंड मिटून ठेवा. आणि नितळ, थंड, वाहतं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी हा समज सोडा. वरच्या अंगाला कुठल्या जनावराने काय केलंय हे खालून दिसत नाही. माझ्या झऱ्याचं तेच झालं असावं.

हात, पाय, ताट

अल्कोहोलचं जेल क्रिप्टोवर आणि कृमींच्या अंड्यांवर चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बोटांच्या पेरांपर्यंत, नखांखाली. जेवणात गरम वाफाळतं अन्न निवडा, फळं स्वतः सोलून खा. कच्च्या पालेभाज्यांना आणि रासबेरीसारख्या खडबडीत फळांना सायक्लोस्पोरा चिकटून राहतो आणि धुऊन पुरता निघत नाही. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खायचाच असेल तर तो उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवलेला असला पाहिजे; लिंबू, व्हिनेगर किंवा तिखट सॉसने त्यातल्या अळ्या मरत नाहीत.

अनवाणी फिरण्याबद्दल लोक बेफिकीर असतात. अंकुशकृमी आणि स्ट्रॉंगिलॉइड्स नावाचा कृमी यांच्या अळ्या ओल्या मातीतून आणि वाळूतून थेट तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. तोंडाचा काही संबंध नाही. आफ्रिकेतल्या मलावी किंवा व्हिक्टोरियासारख्या गोड्या पाण्याच्या तलावांत डुंबताना शिस्टोसोमा नावाचा कृमी असाच कातडीतून शिरतो. तो गोगलगायींमधून पाण्यात येतो आणि त्याला काही मिनिटं पुरतात. त्यावर एकच इलाज, त्या पाण्यात उतरायचं नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणि नीट क्लोरीन केलेल्या तलावात ही भीती नाही.

पोट बिघडलं, पहिले दोन दिवस

इथे घरगुती उपाय खरोखर जीव वाचवतो. जलसंजीवनीची पाकिटं बॅगेत असावीतच. ती संपली तर एक लिटर सुरक्षित पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे खरंच सपाट. सुरीच्या पाठीने वरचा ढीग उतरवायचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. पाण्याची चव अश्रूंइतकी खारट लागावी, त्याहून जास्त नको. उलट्या होत असतील तर दर दोन मिनिटांनी एक घोट. एकदम ग्लासभर प्यायलात तर तो परत येईल.

लघवी पिवळी जर्द आणि थोडी होत असेल तर अजून पाणी कमी पडतंय. उपास करू नका, मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं असं थोडं थोडं खात राहा. दूध आणि तेलकट काही दिवस बाजूला. प्रोबायोटिक घेऊन अपाय होण्याची शक्यता निरोगी माणसात फार कमी, पण त्याने परजीवी जात नाही. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी रक्त पडत असताना किंवा ताप असताना घेऊ नये.

वनौषधी: कशाला काय आधार आहे

पपईच्या बियांपासून सुरुवात करतो, कारण त्या मी स्वतः मूठमूठ चघळल्या आहेत. २००७ साली नायजेरियात ६० मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात वाळवलेल्या पपईच्या बिया मधातून दिल्या गेल्या. बिया घेतलेल्या ३० पैकी २३ मुलांचा मळ परजीवीमुक्त झाला. नुसता मध घेतलेल्या ३० पैकी ५ मुलांचा. आकडा आशादायक आहे, यात शंका नाही. पण अभ्यास लहान, मुलांना काही लक्षणं नव्हती, आणि त्यावरून आजारी प्रवाशाला नेमका किती डोस द्यायचा हे ठरत नाही. गरोदर बाईने पपईच्या बिया खाऊ नयेत.

भोपळ्याच्या बिया टेपवर्मसाठी जुन्या काळापासून वापरात आहेत. चीनमध्ये त्या सुपारीच्या अर्काबरोबर देऊन कृमी बाहेर पडल्याचे अनुभव नोंदले गेलेत. पण सुपारी तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. नुसत्या बिया खाणं हे चांगलं खाणं आहे, उपचार नाही. लसणाचा अर्क काचेच्या नळीत जिआर्डियाला मारतो. लवंग, वावडिंग, दारुहळदीतलं बर्बेरीन यांचीही कथा साधारण तशीच, प्रयोगशाळेत उत्साहवर्धक आणि माणसांवर तुटपुंजी. लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

‘नैसर्गिक आहे, नुकसान तर होणार नाही’ या वाक्याची मला आता धडकी भरते. कृमींवरची जुनी औषधं वनस्पतींचीच होती. टेपवर्मसाठी नेचाच्या मुळाचा अर्क देत. त्याने काहींची दृष्टी गेली. चेनोपोडियमच्या तेलाने जंत पडत, पण मात्रा थोडी चुकली की माणूस दगावे. आर्टेमिसियापासून काढलेलं सँटोनिन घेतलं की सगळं जग पिवळं दिसायला लागे. इपेकॅकच्या मुळातलं एमेटिन अमीबावर खरंच चालायचं, पण हृदयाला इजा करायचं. ही औषधं मागे पडली ती कुणाच्या कारस्थानाने नाही. त्यांच्यापेक्षा कमी विषारी औषधं सापडली म्हणून.

आणि निसर्गाचा अभिमानच असेल तर तो गोळीतही सापडतो. स्ट्रॉंगिलॉइड्सवर वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून आलं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्या कामासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी तू यूयू यांनाही, आणि तेही एका वनस्पतीतून काढलेलं. दोन्हींत शोधलेला पदार्थ वेगळा काढून, मात्रा मोजून, माणसांवर तपासून मगच वापरात आला.

परजीवी साफ करतं म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘पॅरासाइट क्लीन्स’च्या बाटल्यांविषयी थोडक्यात: त्यात बहुधा जुलाब लावणारं काहीतरी आणि फुगणारा कोंडा असतो. कोंडा आणि श्लेष्मा यांचे दोरीसारखे लांब धागे पडतात आणि लोक त्यांचे फोटो काढून ‘हे बघा जंत’ म्हणतात. आधीच जुलाब होत असताना असलं काही घेणं म्हणजे उरलंसुरलं पाणीही घालवणं. टर्पेंटाइन, ब्लीच, कॉफीचा एनिमा यांच्या वाटेलाही जाऊ नका.

तपासणी

मळाचा एक नमुना देऊन ‘काही नाही’ असा निकाल आला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. माझे पहिले दोन नमुने स्वच्छ आले होते, तिसऱ्यात सापडला. परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायची पद्धत आहे. कोरड्या, स्वच्छ डबीत घ्या, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. काही प्रतिजैविकांनी आणि ॲसिडिटीच्या औषधांनी निकाल फसतो, म्हणून मधल्या काळात काय काय घेतलं ते न लाजता सांगा, काढेही. अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी उपलब्ध असेल तर ती सूक्ष्मदर्शकापेक्षा जास्त पकडते. क्रिप्टो आणि सायक्लोस्पोरा नेहमीच्या तपासणीत पाहिले जातीलच असं नाही, मुद्दाम सांगावं लागतं.

सुती कृमींसाठी मळ नको; सकाळी उठल्या उठल्या, शौचाला जायच्या आणि धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराभोवती दाबून ती काचपट्टीवर लावून न्यायची. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतील तर संशय कृमींवर जातो. जिआर्डियात आणि अमीबात त्या सहसा वाढत नाहीत. शिस्टोसोमाची रक्ततपासणी पाण्यात उतरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी केली तर खरी ठरण्याची शक्यता जास्त.

गोळी

कुठल्या परजीवीला कुठलं औषध हे ठरलेलं आहे आणि एकाचं दुसऱ्याला चालेलच असं नाही. जिआर्डियाला टिनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल, सायक्लोस्पोराला कोट्रायमॉक्साझोल, गोल जंत आणि अंकुशकृमींना अल्बेंडाझोल, शिस्टोसोमाला प्राझिक्वांटेल. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. टिनिडाझोल-मेट्रोनिडाझोलबरोबर दारू घेऊ नये. अमीबात दोन टप्पे असतात: आधी ऊतींतला मारायचा आणि मग आतड्यात लपलेल्या सिस्टसाठी दुसरं औषध. बरं वाटलं म्हणून दुसरा टप्पा टाळणाऱ्याला तो पुन्हा गाठतो. सुती कृमींत दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावा लागतो.

एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. स्ट्रॉंगिलॉइड्स शरीरात स्वतःच स्वतःची लागण पुढे चालू ठेवतो, त्यामुळे तो काही दशकं गुपचूप राहू शकतो. पुढे कधी दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड सुरू केलं तर तो बेसुमार वाढून जिवावर बेतू शकतो. उष्ण प्रदेशात बरंच अनवाणी फिरला असाल तर स्टेरॉइड घेण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

वाट न पाहता डॉक्टरांकडे

मळात रक्त, ३८.५ अंश सेल्सिअसहून जास्त ताप, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आठ तास लघवी नाही, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि ताप (अमीबाचा यकृतातला गळू असा येतो), फेफरं. मलेरियाच्या प्रदेशातून आला असाल तर कुठलाही ताप आधी मलेरिया समजूनच तपासायचा, जुलाब असले तरी. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी तर दोन दिवसही घरगुती प्रयोग करू नयेत.

गोळ्या संपल्यावर

जिआर्डिया गेल्यावर लगेच दूध प्यायलो आणि पुन्हा तेच: फुगणं, गुडगुड, पळापळ. वाटलं तो परत आला. तसं नसतं. आतड्याचं अस्तर खरवडलं गेलेलं असतं आणि दुधातली साखर पचवणारं द्रव्य काही काळ कमी पडतं. दही बऱ्याच जणांना त्यातल्या त्यात सोसतं. मला दूध पुन्हा सोसायला सहा आठवडे लागले. त्यानंतरही त्रास राहिला तरच पुन्हा तपासणी करायची, नुसती भीती वाटते म्हणून गोळ्यांचा दुसरा फेरा नको.

क्रिप्टो झालेल्यांनी जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलावात पोहायला उतरू नये. बाहेरून बरा दिसणारा माणूसही तोपर्यंत पाण्यात तो सोडत असतो.